छत्तीस दिवस अमेरिका थांबली होती

वर्तमानपत्राच्या कचेरीत बत्तीस वर्षे रात्रपाळ्या केलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही एक खोड राहून जाते. रात्री दीड-दोनच्या सुमारास त्याला आपोआप जाग येते. पान सुटले की नाही, मथळा बदलला की नाही, ही काळजी आता आपली नव्हे हे ध्यानात यायला त्याला मिनिटभर लागते. मग तो घोटभर पाणी पितो आणि पुन्हा कूस बदलतो.

२००० सालच्या नोव्हेंबरच्या सात तारखेला रात्री मात्र मी कूस बदलली नाही. मुळात मी झोपलोच नव्हतो, आणि पुण्यातही नव्हतो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मुलीच्या घरी, अंगाभोवती शाल गुंडाळून, टेलिव्हिजनपुढे बसलो होतो. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होऊन गेली होती, आणि सौ.ने पुण्याहून नेलेल्या चकल्यांच्या डब्यात आता चुराच तेवढा उरला होता. तो चुरा खात खात आम्ही सारे कुटुंब अमेरिकेचा नवा राष्ट्राध्यक्ष कोण होणार ते पाहत होतो.

बिल क्लिंटन यांची आठ वर्षे संपत आली होती. त्यांचे उपाध्यक्ष अल गोर हे डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार, तर टेक्ससचे गव्हर्नर जॉर्ज बुश हे रिपब्लिकन पक्षाचे. मुलीला अमेरिकन नागरिकत्व मिळून जेमतेम वर्ष झाले होते. त्या दिवशी सकाळी तिने आयुष्यातले तिथले पहिले मत दिले होते.

"कोणाला दिलंस गं?" सौ.ने विचारले.

"आई, ते विचारायचं नसतं. अण्णांनीच शिकवलंय ना लहानपणी?"

आमचा नातू तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच्या शाळेतून प्रत्येक मुलाला अमेरिकेचा कोरा नकाशा दिला होता. टेलिव्हिजनवर जसजसा निकाल येईल तसतसे एकेक राज्य निळे किंवा लाल करायचे. गोर जिंकले तर निळे, बुश जिंकले तर लाल. पोटावर पालथा पडून, जीभ किंचित बाहेर काढून त्याचे रंगकाम चालले होते. आठाला दहा मिनिटे कमी असताना एकामागून एक सगळी केंद्रे सांगू लागली, की फ्लॉरिडा राज्य गोर यांनी जिंकले. नातवाने ते लांबट राज्य निळे केले. दहाच्या सुमारास तीच केंद्रे सांगू लागली, की नाही, फ्लॉरिडाचे अजून ठरलेले नाही. नातवाने मुकाट्याने रबर घेतले, निळा रंग खोडला आणि डोळे चोळत झोपायला गेला.

मध्यरात्र उलटली. जावईबापूंनी दोनदा कॉफी केली. रात्री दोन वाजून सोळा मिनिटांनी एका केंद्राने जाहीर केले, की फ्लॉरिडा बुश यांनी जिंकले आणि म्हणून राष्ट्राध्यक्षपदही त्यांनीच जिंकले. पुढच्या चार मिनिटांत बाकीच्या मोठ्या केंद्रांनी त्याचीच री ओढली. पडद्यावर बुश यांचा हसरा चेहरा झळकला. मी उठलो, नातवाची लाल पेन्सिल घेतली, आणि पोराला सकाळी उठल्यावर तयार सापडावे म्हणून फ्लॉरिडा लाल करून टाकले.

पहाटे चारच्या सुमारास तोही निकाल मागे घेतला गेला. मी रबर घेऊन खोडायला बसलो. दोनदा खोडल्याने कागद तिथे इतका पातळ झाला होता की उजेडात धरला तर पलीकडचे दिसावे. माझे हात थोडे कापत होते. त्याचे कारण थंडी नव्हती. पण ते पुढे सांगतो.

*

आधी त्या रात्री पडद्यामागे काय झाले ते सांगितले पाहिजे, कारण धंद्याच्या दृष्टीने ती मोठी शिकण्यासारखी गोष्ट आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष सरळ मोजणीने निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या मानाने काही निर्वाचक मिळतात. बहुतेक राज्यांत जो उमेदवार एका मताने का होईना पुढे जाईल, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. एकूण निर्वाचक ५३८. जिंकायला २७० लागतात. देशभरातली मते मोजली तर गोर सुमारे ५ लाख ४० हजारांनी पुढे होते. परंतु फ्लॉरिडा वगळता गोर यांच्याकडे २६७ निर्वाचक होते आणि बुश यांच्याकडे २४६. फ्लॉरिडाचे निर्वाचक २५. म्हणजे ज्याला फ्लॉरिडा त्याला अमेरिका, असा तो मामला होता.

आता ही केंद्रे निकाल सांगतात तो कशावरून? सगळ्या मोठ्या वाहिन्यांनी आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मिळून एक सामाईक यंत्रणा उभी केली होती. मतदान करून बाहेर पडणाऱ्या काही लोकांना ती विचारी, काही निवडक केंद्रांची मोजणी आणी, आणि तो आकड्यांचा मसाला सगळ्यांना सारखाच पुरवी. स्वयंपाकघर एक आणि पंगती अनेक! आमटी खारट झाली तर सगळ्याच पानांत खारट. पहिल्या वेळी बाहेर विचारलेल्या माणसांचा अंदाज चुकला. दुसऱ्या वेळी एका जिल्ह्यात मोजणीच्या यंत्रात भलताच घोटाळा होऊन गोर यांच्या नावावर उणे सोळा हजार मते जमा झाली. उणे मते! शून्यापेक्षा कमी मते कोणाला पडतील हो? पण पहाटे दोन वाजता, शेजारची वाहिनी पुढे जाते आहे या धास्तीत, तेवढा विचार कोण करतो?

त्या दुसऱ्या वेळी असोसिएटेड प्रेसने मात्र निकाल दिला नाही. त्यांच्या माणसांनी आपले आकडे स्वतंत्रपणे पाहिले, त्यांना ते जुळेनात, आणि सारे जग बुश जिंकले म्हणून ओरडत असताना ते गप्प राहिले. ही हकीकत मी नंतर वाचली तेव्हा त्या अनोळखी सहकाऱ्यांना मनोमन नमस्कार केला. शेजारी फटाके वाजत असताना आपली वात न पेटवणे किती कठीण, हे रात्रपाळी केलेल्यालाच ठाऊक.

तिकडे नॅशव्हिल शहरात गोर यांनीही टेलिव्हिजन पाहिला आणि त्यावर विश्वास ठेवला. त्यांनी बुश यांना टेलिफोन करून अभिनंदन केले. पावसात ताटकळलेल्या आपल्या समर्थकांपुढे पराभव मान्य करायला ते मोटारीतून निघाले. वाटेत त्यांच्या माणसांना निरोप आला, की फ्लॉरिडातले अंतर भराभर आटते आहे. गोर व्यासपीठावर चढलेच नाहीत. त्यांनी पुन्हा बुश यांना टेलिफोन केला आणि आपले अभिनंदन परत घेतले! आपल्या धाकट्या भावाने फ्लॉरिडाचा निकाल पक्का सांगितला आहे, असे बुश म्हणाले. त्यांचे बंधू जेब बुश हे त्या राज्याचे गव्हर्नर होते. तेव्हा आपले धाकटे बंधू म्हणजे या बाबतीतला अखेरचा शब्द नव्हे, अशा अर्थाचे उत्तर गोर यांनी दिले. लग्नघरातल्या व्याह्यांसारखा हा संवाद पुढे सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आला.

सकाळी उजाडले तेव्हा कित्येक शहरांत बुश जिंकल्याच्या मथळ्याचे अंक लोकांच्या दारात पडले होते, आणि टेलिव्हिजन सांगत होता की कोणीच जिंकलेले नाही. साठ लाखांच्या आसपास मते पडलेल्या राज्यात दोघांमध्ये अंतर उरले होते १,७८४ मतांचे. इतके कमी अंतर असले की तिथल्या कायद्याप्रमाणे यंत्राने फेरमोजणी करावीच लागते. क्लिंटन त्या दिवशी मोठे मार्मिक बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की जनता बोलली आहे खरी, पण ती नेमके काय बोलली हे ठरायला थोडा वेळ लागेल.

तो थोडा वेळ छत्तीस दिवसांचा ठरला.

*

त्या छत्तीस दिवसांत मी अमेरिकन वर्तमानपत्रे अथपासून इतिपर्यंत वाचली. सौ. म्हणे, "इथं आल्यावर तरी बातम्या सोडा की हो!" पण सोडतो कसा?

फ्लॉरिडातल्या काही जिल्ह्यांत मतपत्रिकेवर सुईसारख्या टोच्याने भोक पाडायची पद्धत होती. आमच्याकडे बसचा कंडक्टर तिकिटाला चिमटा मारी, तेव्हा कागदाची इवलीशी टिकली खाली पडे, तसेच. ती टिकली पुरती पडली तर यंत्र मत वाचते. एका कोपऱ्याने लोंबकळत राहिली तर? नुसता फुगवटा आला आणि भोक पडलेच नाही तर? अशा हजारो पत्रिका यंत्राने बाद केल्या होत्या. त्यातून पाम बीच नावाच्या जिल्ह्यात नावे दोन्ही पानांवर आणि भोके मधल्या ओळीत, अशी मतपत्रिका छापली होती. गोर यांना मत द्यायला गेलेल्या कित्येक वृद्धांचा टोचा तिसऱ्याच उमेदवाराच्या भोकात गेला. त्या जिल्ह्यात तो उमेदवार, पॅट ब्यूकॅनन, ३,४०७ मते घेऊन बसला, आणि इतकी मते आपली नसणार असे पुढे तो स्वतःच म्हणाला.

मग हाताने मोजणी सुरू झाली. चष्मा कपाळावर सरकवून, पत्रिका उजेडात धरून, डोळे बारीक करकरून ते मोजणारे बसत. त्यांची छायाचित्रे पाहताना मला आमच्या कचेरीतले म्हातारे मुद्रितशोधक आठवत. एकाने म्हणावे भोक आहे, दुसऱ्याने म्हणावे नाही. बाहेर दोन्ही पक्षांचे लोक फलक घेऊन घोषणा देत.

आणि टेलिव्हिजनवर? तिथे अंदाजांचा बाजार भरला होता. निर्वाचकांपैकी दोघा-तिघांनी ऐन वेळी बाजू बदलली तर काय? भांडण संसदेत गेले आणि सिनेटमध्ये पन्नास-पन्नास अशी बरोबरी झाली, तर निर्णायक मत उपाध्यक्ष म्हणून खुद्द गोरच देणार काय? बुश आले तर परराष्ट्रमंत्री कोण? ज्याला अजून खुर्ची मिळाली नव्हती त्याच्या मंत्रिमंडळाची खाती रोज रात्री वाटली जात. नोव्हेंबरच्या तीस तारखेला तर कमाल झाली. पाम बीचमधल्या सुमारे चार लाख साठ हजार मतपत्रिका एका भाड्याच्या पिवळ्या मालमोटारीत घालून राजधानी टॅलाहासीकडे न्यायला निघाल्या. मागे-पुढे पोलिसांच्या गाड्या, वर हेलिकॉप्टर, आणि साऱ्या देशाला ती गाडी रस्त्यावरून जाताना तासन्‌तास दाखवत होते. गाडी चालली आहे, यापलीकडे बातमी शून्य.

सौ. क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "अगंबाई! मतं चाललीत की पालखी?"

आम्ही खूप हसलो. पण मला वाटते, तिने नकळत बरोबर शब्द टाकला होता.

*

हसणे रोजच होत नव्हते. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात त्यांचा आभारप्रदर्शनाचा सण आला. आदल्या दिवशी बुश यांचे जोडीदार डिक चेनी यांना हृदयविकाराचा झटका आल्याची बातमी होती, आणि त्यावरही तर्कांचे पीक आले होते. जेवणे आटोपल्यावर जावईबापू कंटाळून म्हणाले, "आता दोघांतल्या एकानं सोडून द्यावं. शेअरबाजार घसरतोय, कचेरीत कोणाचं कामात लक्ष नाही. चारशे-पाचशे मतांसाठी किती ताणायचं?"

मुलगी उसळली. "चारशे-पाचशे माणसं आहेत ती! तुम्हाला काय? तुमचं हे तिसरं मत. माझं पहिलं आहे. मोजून झाल्याशिवाय कोणीही सोडता कामा नये."

"अण्णा, तुम्हीच सांगा," जावईबापू माझ्याकडे वळले. "पेपरवाले तुम्ही. कुठंतरी थांबायला नको का?"

तेव्हा मी त्यांना ती गोष्ट सांगितली. त्याआधी ती सौ.लाही सांगितली नव्हती.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शहरात नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या होत्या. मी रात्रपाळीचा उपसंपादक. एका वॉर्डात एक शाळामास्तर उभे होते. पैसा नाही, पक्ष नाही. विद्यार्थ्यांच्या जिवावर उभे राहिलेले. रात्री एकच्या सुमारास बातमीदाराचा टेलिफोन आला, की मास्तर तीनशेंवर मतांनी पुढे आहेत, दोन पेट्या राहिल्या आहेत. फोरमन डोक्यावर उभा. पान सोडायचे होते. शेजारच्या पत्रात ती बातमी येणार आणि आपल्या पत्रात नाही, या विचाराने माझे अंग तापले. 'आघाडीवर' हा शब्द मी लिहिला होता. तो खोडून 'विजयी' लिहिला. जुळाऱ्याने चार खिळे बदलले, पान सुटले, आणि मी सायकलवर टांग टाकून घरी आलो.

शेवटच्या दोन पेट्या मास्तरांच्या विरुद्ध गेल्या. ते एकेचाळीस मतांनी पडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कचेरीत आले. भांडायला आले असतील म्हणून मी आधीच माफीची वाक्ये जुळवीत होतो. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. "पहाटे मुलांनी तुमचा पेपर वाचून आणले होते," ते म्हणाले. "उरलेत. म्हटलं, ज्यांच्यामुळे आणले त्यांना द्यावेत." मी काही बोलू शकलो नाही. मग ते हळूच म्हणाले, "माझं काही नाही हो. हार-जीत चालायचीच. पण माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. सकाळी तिला वाचून दाखवलं. तिनं देवापुढं साखर ठेवली, मला ओवाळलं. आता ते परत कसं घ्यायचं, हे मला समजत नाही."

त्यांनी ते परत घेतले नाही. पुढे दोन वर्षांनी त्यांच्या आई गेल्या, त्या आपला मुलगा नगरसेवक आहे अशा समजुतीत. हे मला त्यांच्याच एका विद्यार्थ्याने सांगितले. आमच्या पत्राने दुसऱ्या दिवशी चार ओळींची दुरुस्ती आतल्या पानावर छापली होती. ती लिहिलीही मीच होती.

माझे सांगून झाल्यावर कोणी काही बोलले नाही. मी नातवाचा नकाशा उचलला आणि फ्लॉरिडाची ती पातळ झालेली जागा जावईबापूंना दाखवली. "परवा रात्री दोन वाजता हे मीच लाल केलं होतं," मी म्हटले. "बत्तीस वर्षं काम करून, तो पेढ्यांचा पुडा घेऊन, मी पुन्हा तेच केलं. थांबायचं कुठं ते मला ठाऊक नाही. पण शेवटची पेटी उघडायच्या आधी नव्हे, एवढं ठाऊक आहे."

*

आता वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा कोणाचा समज होईल. तसे नव्हते. गोर यांनी त्या छत्तीस दिवसांत एकही न्यायालय सोडले नाही. बुश यांच्या वकिलांनीही नाही. भांडण कडाक्याचे होते. मायामीत तर मोजणीच्या कचेरीबाहेर धटिंगणपणाही झाला आणि तिथली हातमोजणी बंद पडली. नोव्हेंबरच्या २६ तारखेला फ्लॉरिडाने बुश ५३७ मतांनी विजयी झाल्याचे अधिकृतपणे जाहीर केले, तरी गोर यांनी माघार घेतली नाही. पण सगळे भांडण चालले होते ते कायद्याच्या अंगणात.

दुसरीकडे सत्तांतराचे काम कुणासाठी खोळंबत नाही. अमेरिकेत निवडणूक नोव्हेंबरच्या आरंभी आणि शपथविधी २० जानेवारीला. मधल्या अडीच महिन्यांत नव्या माणसाने हजारो जागांसाठी माणसे निवडायची, त्यांची चौकशी व्हायची, गुप्त कागद वाचायचे. यासाठी १९६३ साली कायदा करून कचेरी, पैसा आणि टेलिफोन सरकारने द्यायचे ठरवले आहे. पण निवडून आला कोण, हेच ठरले नाही तर किल्ली कोणाला द्यायची? सरकारी इमारतींचा कारभार पाहणाऱ्या खात्याने ती कोणालाच दिली नाही. चेनी यांनी मग मॅक्लीन गावातल्या आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कामाला आरंभ केला. नंतर वर्गणी काढून भाड्याची कचेरी घेतली. सरकारी किल्ली हाती पडली ती १४ डिसेंबरला.

डिसेंबरच्या ८ तारखेला फ्लॉरिडाच्या वरिष्ठ न्यायालयाने राज्यभर वादग्रस्त पत्रिका हाताने मोजायला सांगितल्या. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोजणी अर्ध्यावर थांबवली. १२ डिसेंबरला रात्री दहाच्या सुमारास निकाल आला. बातमीदार निकालपत्राचे गठ्ठे छातीशी धरून थंडीत पायऱ्या उतरताना दिसत होते, आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहून थेट तिथेच पाने उलटत होते. कोणी म्हणे मोजणी पुन्हा होणार, कोणी म्हणे संपले. पाचांविरुद्ध चार मतांनी न्यायालयाने म्हटले होते, की नियमाप्रमाणे नव्याने मोजायला आता वेळच उरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री गोर टेलिव्हिजनवर आले. न्यायालयाचा निर्णय आपल्याला मुळीच पटलेला नाही, पण आपण तो मानतो, असे ते म्हणाले. आपण बुश यांना अभिनंदनाचा टेलिफोन केला आहे आणि या वेळी पुन्हा टेलिफोन करणार नाही असे वचन दिले आहे, हेही त्यांनी हसत हसत सांगितले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने मत कोणाला दिले होते ते मला त्या क्षणी समजले. पण मी विचारले नाही.

*

एवढ्यावर गोष्ट संपली असती तरी चालले असते. पण तिचा खरा शेवट ६ जानेवारी २००१ चा आहे. त्या दिवशी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे निर्वाचकांची मते मोजली जातात आणि अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष असतो. म्हणजे आपल्याच पराभवाची मोजणी गोर यांनी चालवायची! फ्लॉरिडाचा नंबर आला तेव्हा प्रतिनिधिगृहातले एकेक सदस्य, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय, हरकत घ्यायला उभे राहिले. ते गोर यांच्याच बाजूने बोलत होते. पण हरकतीवर एका सिनेटरची सही लागते, आणि एकाही सिनेटरने ती दिली नव्हती. गोर यांनी प्रत्येकाची हरकत हातोडा आपटून नियमबाह्य ठरवली. सही नसली तरी आपल्याला पर्वा नाही, असे एक सदस्या म्हणाल्या. तेव्हा नियमांना पर्वा आहे, असे उत्तर गोर यांनी दिले. शेवटी त्यांनी वाचून दाखवले: बुश २७१, गोर २६६. एका निर्वाचक बाईंनी निषेध म्हणून मत कोरे ठेवले होते.

या धीराची किंमत कोणी दिली, हेही लिहिले पाहिजे. नाहीतर ही गोष्ट नुसती गोड होईल. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने २००१ साली सांगितले, की फ्लॉरिडात बाद झालेल्या मतांत कृष्णवर्णीयांची मते फार मोठ्या प्रमाणात होती. हरकत घ्यायला उभे राहिलेले ते सदस्य उगाच उभे नव्हते. दुसरी किंमत वेळेची. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ साली नमूद केले, की या छत्तीस दिवसांमुळे सत्तांतराचा काळ निम्म्याने घटला आणि महत्त्वाच्या जागी माणसे नेमायला उशीर झाला. आणि खरे कोण जिंकले? वर्तमानपत्रांनी मिळून त्या साऱ्या वादग्रस्त पत्रिका नंतर तपासून घेतल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये उत्तर आले ते असे: गोर यांनी मागितलेल्या तेवढ्याच जिल्ह्यांत मोजणी झाली असती तर बुशच आले असते, सगळ्या राज्यातली प्रत्येक वादग्रस्त पत्रिका मोजली असती तर गोर थोडक्यात आले असते. म्हणजे ज्याला जसे हवे तसे उत्तर! हे वाचून मला वाटले, की काही प्रश्नांना खरे उत्तर नसते, फक्त नियमाने ठरलेले उत्तर असते. आणि ते मानायला फार मोठे मन लागते.

बरोबर वीस वर्षांनी, ६ जानेवारी २०२१ रोजी, त्याच इमारतीत तीच मोजणी चालू असताना हरलेल्या पक्षाचा जमाव दारे-खिडक्या फोडून आत शिरला. मी तेव्हा पुण्यात होतो. पहाटे सवयीने जाग आली, टेलिव्हिजन लावला, आणि बराच वेळ काही सुचेना. पुढे २०२२ साली तिथल्या संसदेने कायदा सुधारला. आता हरकत घ्यायला प्रत्येक सभागृहातल्या एकपंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. आणि निकालाचा वाद पाच दिवसांत मिटला नाही, तर सत्तांतराची किल्ली दोन्ही उमेदवारांना मिळते. कायदे सुधारता येतात. पण मोजणी होईपर्यंत गप्प बसावे आणि झाल्यावर मानावे, हे कोणत्या कलमात घालणार?

त्या पहाटे मी नातवाला टेलिफोन केला. तो आता मोठा झाला आहे, नोकरी करतो. त्या जुन्या नकाशाची आठवण काढली. "आहे की," तो म्हणाला. "आईनं ठेवलाय." १३ डिसेंबरच्या रात्री गोर यांचे भाषण संपल्यावर त्याने लाल पेन्सिल माझ्या हातात दिली होती. "आजोबा, आता करू ना? नक्की ना?" असे विचारले होते.

मी म्हटले होते, "आता कर. पण हलक्या हातानं. कागद पातळ झालाय तिथं."